बोबडे कोणास म्हणावे? : वाक्‌दोषाच्या निदानातील एका गृहीतकाची समीक्षा

१

मुलाच्या बोलण्यातील वैगुण्य सांगण्यासाठी मराठीत तीन शब्द फार जुने आहेत : बोबडा, तोतरा आणि मुका. ज्याचे वर्ण नीट उमटत नाहीत तो बोबडा, ज्याचे बोलणे अडखळते तो तोतरा आणि ज्यास वाचाच फुटली नाही तो मुका. हे शब्द वैद्यांनी घडविलेले नाहीत. घरातील व गावातील माणसांनी आपल्या कानाच्या साक्षीने ते घडविले. त्यामुळे या प्रत्येक शब्दात बोलणाऱ्याबरोबर ऐकणाराही दडलेला आहे. 'हे मूल बोबडे आहे' या विधानाचा पूर्ण अर्थ 'या मुलाचे बोलणे आमच्या कानास आमच्या बोलीसारखे लागत नाही' असाच होतो.

आज हा निवाडा घरातील कानाकडून तज्ज्ञाच्या कानाकडे गेला आहे, आणि तो तसा जाणे इष्टच होते. घरच्यांचा कान मायेचा असतो. तो वर्षानुवर्षे चुकत राहू शकतो. परंतु निवाडा करणारा कान बदलला की निवाड्याचे मापही बदलते, या गोष्टीकडे जेवढे लक्ष जावयास हवे होते तेवढे गेलेले नाही. प्रमाण मराठीचे वर्ण हेच प्रत्येक मराठी मुलाच्या वाणीचे माप होय, असे एक गृहीतक निदानाच्या व्यवहारात न बोलता वावरत असते. प्रस्तुत लेखात त्या गृहीतकाची परीक्षा करावयाची आहे. परीक्षेसाठी चिमूर व त्याच्या पूर्वेचा वनप्रदेश घेतला आहे. या प्रदेशाची बोली प्रमाण मराठीपासून नेमक्या अशा काही वर्णांत वेगळी पडते, की ते वर्ण श्रवणदोष ओळखण्याच्या कामीही महत्त्वाचे ठरतात.

२

चिमूर हे चंद्रपूर जिल्ह्याच्या उत्तर भागातील तालुक्याचे गाव. १६ ऑगस्ट १९४२ च्या उठावामुळे ते देशभर माहीत झाले; बालाजीच्या घोडायात्रेमुळे ते विदर्भास त्याहून आधीपासून माहीत आहे. भाषेच्या अभ्यासकास मात्र ते एका सीमेवरचे गाव म्हणून महत्त्वाचे वाटते. पश्चिमेस कापसाची काळी जमीन आणि नागपुरी-वऱ्हाडी बोलणारी गावे. पूर्वेस नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाहीकडे धानाच्या बांध्या आणि झाडीबोली. दक्षिणेस ताडोबाचे अरण्य. त्यातच अनेक गावांत गोंडी बोलणारी घरे आहेत, आणि गोंडी ही मराठीच्या कुळातील नसून द्राविड कुळातील भाषा होय. अशा ठिकाणी अंगणवाडीत बसलेल्या मुलांच्या तोंडी एकच मराठी असेल, ही अपेक्षाच मुळात चुकीची ठरते.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांत पसरलेल्या झाडीबोलीचा अभ्यास डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी निष्ठेने केला. या बोलीत प्रमाण मराठीतील ण, ळ, श, ष आणि छ हे वर्ण नाहीत, हे तिचे ठळक लक्षण म्हणून अभ्यासकांनी नोंदविले आहे. 'पाणी' येथे 'पानी' होते, 'लोणी' हे 'लोनी' होते. 'श' व 'ष' यांच्या जागी 'स' येतो. 'छ' च्याही जागी बहुधा 'स'च येतो. 'ळ' च्या जागी झाडीबोलीत 'र' ऐकू येतो, तर पश्चिमेकडच्या वऱ्हाडी वळणात 'य'. डोळ्यास कोठे 'डोरा' म्हणतात, कोठे 'डोया' म्हणतात, आणि चिमूरच्या बाजारात दोन्ही उच्चार एकाच दिवशी कानी पडल्यास नवल मानू नये. हा आळस नव्हे, अज्ञानही नव्हे. ही नियमाने चालणारी वर्णव्यवस्था आहे. याच बोलीत झाडीपट्टीची रंगभूमी उभी राहिली. धानाची कापणी संपली की वडसा येथील नाटक मंडळ्या गावोगाव जातात आणि हजारो प्रेक्षक रात्रभर बसून नाटक ऐकतात. त्या रंगभूमीवरील कार्याबद्दल डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. ज्या बोलीत रात्रभर हसता व रडता येते, तिला 'अशुद्ध' म्हणून बाजूस सारणे शास्त्राला शोभणारे नाही.

३

मुलांच्या उच्चारचाचणीची सर्वसामान्य रचना अशी असते. प्रत्येक व्यंजनासाठी एक-दोन शब्द निवडावयाचे, त्यांची चित्रे मुलास दाखवावयाची आणि मुलाने उच्चारलेल्या शब्दात ते व्यंजन उमटले की नाही हे टिपावयाचे. 'ण' व 'ळ' हे मराठीत शब्दाच्या आरंभी येत नाहीत. म्हणून त्यांची परीक्षा शब्दाच्या मध्यात वा शेवटी होते. आता चिमूरच्या एखाद्या पाच वर्षांच्या निरोगी मुलास पाण्याचे चित्र दाखविले तर ते 'पानी' म्हणेल, डोळ्याचे दाखविले तर 'डोरा' म्हणेल आणि शाळेचे दाखविले तर 'सारा' किंवा 'साया' म्हणेल. केवळ प्रमाण वर्णमालेकडे पाहणारा परीक्षक या तीन चित्रांतच चार चुका लिहील. मुलाने मात्र आपल्या आईची बोली बिनचूक उच्चारलेली असते.

येथे असा आक्षेप येईल की, चाचणी मराठीची आहे आणि मराठीत ण व ळ आहेतच. मग ते न येणे ही उणीव का मानू नये? या आक्षेपास प्रमाण मराठीच्याच इतिहासातून उत्तर मिळते. 'ष' हा वर्ण मराठी लिपीत आहे, शुद्धलेखनात आहे, पण शिष्ट समाजाच्या बोलण्यातून तो केव्हाच गेला. पुण्या-मुंबईचा सुशिक्षित वक्ता 'षट्‌कोन' आणि 'शहर' यांतील पहिला वर्ण एकाच तऱ्हेने उच्चारतो. 'ऋ' ची गोष्ट तीच. परंतु म्हणून कोणी त्या वक्त्यास बोबडा म्हणत नाही. शिष्टांच्या तोंडून गेलेला 'ष' हा भाषेचा विकास, आणि चिमूरच्या तोंडून गेलेला 'ण' हा मात्र मुलाचा दोष, या भेदाला ध्वनिशास्त्रात आधार नाही. तो सामाजिक प्रतिष्ठेचा भेद आहे.

याहून मागे गेल्यास गंमत अधिकच वाढते. ज्या महाराष्ट्री प्राकृताशी आपण मराठीचे नाते अभिमानाने सांगतो, तिच्यात संस्कृतातील 'न' चा सर्रास 'ण' होत असे. न आणि ण यांतील भेद तिनेही पुसला होता. फक्त पुसण्याची दिशा झाडीबोलीच्या उलट होती. तेव्हाच्या लेकरांना कोणी उच्चारचाचणीत नापास केले नाही. भाषेच्या प्रवासात वर्ण एकरूप होतात आणि पुन्हा विभक्तही होतात. ही गोष्ट ना. गो. कालेलकरांच्या 'ध्वनिविचार' (१९५५) पासून मराठी वाचकास परिचित असलेल्या वर्णनात्मक भाषाविज्ञानाचे प्राथमिक सूत्र आहे. विद्यापीठांतील मराठी विभागांनी ते सूत्र वर्गात शिकविले. पण रुग्णालयाच्या दारापर्यंत नेऊन पोहोचविले नाही. त्या अर्थाने ही टीका केवळ चिकित्सकांवर नाही, ती आपणा भाषाभ्यासकांवरही आहे.

४

आता प्रश्नाची दुसरी बाजू. मेंदू ध्वनीचे काय करतो? कारण उच्चार हा श्रवणाचा परिपाक आहे, आणि श्रवण हे कानात सुरू होत असले तरी तेथे संपत नाही.

आंतरकर्णातील शंखिनीत एक पडदा असतो. त्याच्या एका टोकास उच्च स्वर व दुसऱ्या टोकास नीच स्वर कंप उठवितात, हे गेओर्ग फोन बेकेशी यांनी प्रयोगांनी दाखविले. त्यास १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या प्रत्येक कानात सुमारे साडेतीन हजार आंतरकेशपेशी आणि सुमारे तीस हजार तंतूंची श्रवणचेता असते. तेथून संदेश मस्तिष्कस्तंभातील अनेक केंद्रांतून वर चढत शंखखंडातील श्रवणबाह्यकापर्यंत जातो. वाटेत प्रत्येक ठिकाणी त्याची छाननी होते : दोन्ही कानांतील वेळेचा फरक, आवाजाची सुरुवात व शेवट, गोंगाटातून निराळा पडणारा धागा. हे सर्व भाषानिरपेक्ष आहे. चिमूरच्या मुलाचे आणि पुण्याच्या मुलाचे ते सारखेच असते.

परंतु वर्ण ओळखण्याच्या पातळीवर मेंदू भाषेच्या अधीन होतो. १९७१ साली पीटर आयमस व सहकाऱ्यांनी दाखविले की, एक व चार महिन्यांची अर्भकेसुद्धा 'ब' व 'प' सारख्या वर्णांतील भेद गटवार ओळखतात. १९८४ साली जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनी याच्यापुढचे पाऊल टाकले, आणि त्यासाठी त्यांनी वापरलेला एक भेद आपल्या घरचाच आहे : हिंदीतील दंत्य 'त' व मूर्धन्य 'ट' हा. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहा ते आठ महिन्यांची बहुतेक अर्भके हा भेद ओळखत होती. दहा ते बारा महिन्यांची फारच थोडी ओळखू शकली. हिंदी घरातील त्याच वयाच्या अर्भकांनी मात्र तो जपून ठेवला होता. १९९७ साली रिस्टो नॅटॅनेन व सहकाऱ्यांनी मेंदूतील विद्युत्‌-चुंबकीय प्रतिसाद मोजून असे दाखविले की, एस्तोनियन भाषेत असलेल्या पण फिनिश भाषेत नसलेल्या एका स्वरास फिनिश मेंदूचा आपोआप उमटणारा प्रतिसाद क्षीण असतो. ऐकणारा लक्ष देत नसला तरीही हे घडते.

या प्रयोगांचा निष्कर्ष असा की, बाळाचा मेंदू पहिल्या वर्षातच आपल्या घरच्या बोलीच्या मापाने ध्वनींची वाटणी करतो. ज्या घरात न व ण यांच्या भेदाने अर्थ बदलत नाही, त्या घरातील मेंदू त्या भेदावर शक्ती खर्च करीत नाही. ही अक्षमता नसून काटकसर आहे. किंबहुना निरोगी मेंदूचे ते लक्षणच होय. ज्या मुलाने चिमूरच्या घरात राहून 'पानी' म्हणण्यास शिकावे, त्याने ते शिकले म्हणजे त्याचे कान, त्याचा मेंदू आणि त्याचे तोंड ही तिन्ही कामे करीत आहेत असा त्याचा अर्थ आहे. जी गोष्ट चाचणीत दोषाचा पुरावा म्हणून लिहिली जाते, ती वस्तुतः आरोग्याचा पुरावा असते.

५

एवढ्यावर थांबलो तर ही समीक्षा अर्धीच राहील. निरोगी मुलास दोषी ठरविणे ही एक चूक. दोषी कानास निरोगी ठरविणे ही दुसरी, आणि ती अधिक घातक आहे. बोलीच्या अज्ञानातून या दोन्ही चुका जन्मतात.

'स' या वर्णाचे उदाहरण घेऊ. त्याच्या घर्षणाची शक्ती मुख्यतः ४००० हर्ट्‌झच्या वरच्या पट्ट्यात असते. 'श' ची त्याहून खालच्या पट्ट्यात. स्वर व अनुनासिके याहून पुष्कळ खाली असतात. म्हणून ज्या मुलाच्या कानाचा उच्च पट्टा दुर्बळ झाला आहे, त्यास हाक मारल्यास ऐकू येते, भांडे पडलेले ऐकू येते, आईचा स्वर ओळखू येतो. परंतु 'स' निसटतो. असे मूल 'सारा' न म्हणता 'तारा' म्हणेल किंवा वर्ण गाळून 'आरा' म्हणेल. आता परीक्षकास झाडीबोली ठाऊक नसेल, तर त्याच्या कागदावर 'श' च्या जागी 'स' म्हणणारे मूल आणि 'श' च्या जागी 'त' म्हणणारे मूल ही दोन्ही एकाच रकान्यात जातील. पहिले निरोगी आहे, दुसऱ्यास श्रवणयंत्राची गरज आहे. उलटपक्षी, बोलीबद्दल अर्धवट सहानुभूती असलेला परीक्षक दोघांनाही 'इकडे असेच बोलतात' म्हणून घरी पाठवील. बोलीचा द्वेष आणि बोलीचा भाबडा कैवार हे दोन्ही त्या दुसऱ्या मुलाच्या दृष्टीने सारखेच निरुपयोगी आहेत. त्यास उपयोगी पडते ते फक्त बोलीचे नेमके ज्ञान : येथे 'श' चा 'स' होतो, पण 'स' चा 'त' होत नाही.

हा सूक्ष्म भेद गावातील आजीस उपजत कळतो. तिच्या नातवाने 'पानी' म्हटले तर तिला काही वावगे वाटत नाही. त्याने 'पाई' म्हटले तर 'पोट्टा बोबडा बोलते' असे ती म्हणते. म्हणजे बोबडा या जुन्या शब्दात निदानाची एक खरी कसोटी आहे : मुलाच्या बोलण्याची तुलना त्याच्याच गावातील त्याच्याच वयाच्या मुलांशी करावयाची. आधुनिक वाक्‌विज्ञान 'भाषाभेद' आणि 'भाषादोष' असा जो फरक मोठ्या आग्रहाने करते, तो या आजीस पूर्वीपासून ठाऊक आहे.

६

ज्यांना एकाहून अधिक वैगुण्ये आहेत अशा मुलांच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत तीव्र होतो. नवजात काविळीचा विषारी अंश मेंदूत उतरला तर मूल वाचते, पण पुष्कळदा हातपाय व जीभ यांवरचा ताबा गमावून बसते, आणि त्याबरोबर श्रवणमार्गासही इजा होते. अशा इजेचा एक विशेष प्रकार १९९६ साली आर्नल्ड स्टार व सहकाऱ्यांनी वर्णिला. त्यात शंखिनीतील बाह्यकेशपेशी काम करीत असतात, पण श्रवणचेतेतून जाणारे संदेश एकमेळाने जात नाहीत. कानात नळी घालून केलेली प्रतिध्वनीची चाचणी ठीक येते. मस्तिष्कस्तंभाची विद्युत्‌-चाचणी बिघडलेली येते. असे मूल आवाज ऐकते, पण शब्द वेगळे काढू शकत नाही. गोंगाटात तर मुळीच नाही. आवाजाची पातळी मोजून त्याचे दुःख कळत नाही. त्यास शब्द किती समजतात हेच पाहावे लागते.

शब्द किती समजतात हे पाहावयाचे तर शब्द निवडावे लागतात, आणि येथे पुन्हा तेच गृहीतक आडवे येते. ज्या मुलास बोलता येत नाही, त्यास शब्द ऐकवून चित्राकडे बोट दाखवावयास किंवा नुसती नजर वळवावयास सांगतात. समजा, चित्रे नळ, आगगाडी, शहाळे आणि जहाज यांची आहेत. चिमूरच्या पूर्वेकडील खेड्यातील मुलाने बांधी पाहिली आहे, बोडी पाहिली आहे, तनशीचा ढीग पाहिला आहे, मोहफुले व टोरी वेचताना आईच्या पाठीवर बसून तो रानात गेला आहे; पण जहाज पाहिलेले नाही. त्याने चुकीच्या चित्राकडे पाहिले, तर त्याने ऐकले नाही, की ऐकून ओळखले नाही, की ओळखून मान वळविता आली नाही? तीन निरनिराळ्या उत्तरांना तीन निरनिराळे उपाय आहेत, आणि कागदावर मात्र एकच फुली पडते. गोंडीभाषक घरातील मुलाच्या बाबतीत चौथी शक्यता उरते : शब्दच परका होता.

'मतिमंद' हा शिक्का अशाच फुल्यांच्या बेरजेतून तयार होतो, आणि तो एकदा बसला की पुसण्यास फार काळ लागतो. शाळेत बसविण्याचे वय, श्रवणयंत्राचे वय, भाषा शिकण्याचे पहिले तीन-चार वर्षांचे मोलाचे वय निघून जाते. मेंदूची लवचिकता वाट पाहत थांबत नाही.

ज्यांना बोलता येणारच नाही अशा मुलांसाठी चित्रांचे फलक करतात. मूल चित्रावर बोट ठेवून आपली गरज सांगते. त्या फलकाबरोबर उच्चारला जाणारा शब्द 'आई' असावा की 'माय', वाक्य 'मला पाणी हवे' असावे की 'मले पानी पायजे', हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु तो फलक मुलाचा आवाज होणार आहे. घरात कोणीच ज्या भाषेत बोलत नाही अशा भाषेचा आवाज त्यास देणे म्हणजे त्यास घरातच पाहुणा करणे होय. कर्णबधिर मुलांच्या घरगुती खुणांनाही हेच लागू आहे. भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण करणारे राष्ट्रीय केंद्र २०१५ साली दिल्लीस स्थापन झाले, ही चांगली गोष्ट झाली. त्या भाषेचा प्रसार गावोगाव झालाच पाहिजे. पण तो करताना मुलाने माय-बापांशी आधीच जुळविलेल्या खुणांस 'चुकीच्या' म्हणू नये. 'मूकबधिर' हा शब्द जाऊन 'कर्णबधिर' हा शब्द आला, याचे मर्मही हेच आहे : कानाच्या उणिवेवरून वाचेचा अभाव गृहीत धरू नये.

७

या विवेचनावर तीन आक्षेप संभवतात, आणि तिघांचाही विचार करणे न्यायाचे होईल.

पहिला असा की, श्रवणाच्या विद्युत्‌-चाचण्या भाषानिरपेक्ष आहेत. मग बोलीचा एवढा बाऊ कशासाठी? हे खरे आहे, आणि म्हणूनच त्या चाचण्या प्रत्येक बालकापर्यंत गेल्या पाहिजेत. परंतु त्या मस्तिष्कस्तंभापर्यंतचा मार्ग तपासतात. शब्दाचे काय होते ते सांगत नाहीत. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदाही बधिरत्व डेसिबेलमध्ये मोजतो : दोन्ही कानांत वाणीच्या पट्ट्यात सत्तर डेसिबेल वा अधिक. प्रमाणपत्रास आकडा पुरतो; शिक्षणास पुरत नाही.

दुसरा आक्षेप असा की, चिमूरच्या मुलास शाळेत, कचेरीत, परीक्षेत प्रमाण मराठीच लागणार आहे. अवश्य लागणार, आणि ती त्यास उत्तम शिकविलीच पाहिजे. मेंदू पहिल्या वर्षात जी वाटणी करतो ती दगडावरची रेघ नव्हे. पुढे सरावाने नवे भेद ऐकण्यास व उच्चारण्यास शिकता येतात, हे वर्करांच्याच पुढील प्रयोगांनी दाखविले. परंतु शिकविणे हे शाळेचे काम आहे, निदान हे चिकित्सेचे. ज्यास अजून शिकविले नाही त्यास आजारी ठरवू नये, एवढेच म्हणणे आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. आजीचा कान ही कसोटी मानली, तर 'बापही उशिराच बोलला होता' म्हणून मुलास तीन-चार वर्षे घरी ठेवणारीही तीच आजी असते. वाहणाऱ्या कानात तेल घालणारीही तीच. हा आक्षेप मान्यच केला पाहिजे. घरचा कान बोलीचा निवाडा अचूक करतो, श्रवणाचा निवाडा करू शकत नाही. या प्रदेशात तर दक्षतेस विशेष कारण आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेलचा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि सिकलसेलच्या रुग्णांत आंतरकर्णाच्या इजेने येणारे बधिरत्व इतरांहून अधिक दिसते, असे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत नोंदले गेले आहे. तेव्हा एक कान घरचा आणि एक कान तज्ज्ञाचा, असे दोन्ही हवेत. आजचे दुखणे हे आहे की, हे दोन कान एकमेकांशी बोलत नाहीत.

८

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची फिरती पथके अंगणवाड्यांत व शाळांत जाऊन मुलांची तपासणी करतात; त्यांच्या यादीत श्रवणदोष व भाषाविकासातील विलंब या दोन्ही गोष्टी आहेत. तेथून मूल जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि गरज पडल्यास नागपूर-मुंबईस पाठविले जाते. या साखळीत मूल जसजसे पुढे जाते तसतसे परीक्षकाचे ज्ञान वाढते आणि मुलाच्या बोलीशी असलेला त्याचा परिचय कमी होतो. चिमूरहून चंद्रपूर गाठावयास शंभर किलोमीटरच्या आसपास जावे लागते. मजुरी बुडवून तेथे गेलेल्या बापास दुसऱ्यांदा येण्याचे बळ असेलच असे नाही. म्हणून पहिलीच नोंद नेमकी असली पाहिजे.

या कामात विद्यापीठांतील मराठी विभागांचा वाटा कोणता? घाटगे यांनी १९६३ पासून मराठीच्या बोलींची जी सर्वेक्षणमाला सिद्ध केली, तिच्या आरंभीच्या भागांनी दक्षिण कानडा, कुडाळ, महाड, कोचीन अशी किनाऱ्याची वाट धरली. अरण्यातील बोलींकडे लक्ष वळावयास उशीर लागला. अलीकडे डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांच्या सर्वेक्षणाने ही उणीव भरून काढण्यास आरंभ केला आहे. परंतु ही सर्वेक्षणे प्रौढांच्या बोलीची आहेत. निदानास हवी आहे ती मुलांची बोली.

तेव्हा पहिले काम असे : चिमूर, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी या पट्ट्यातील तीन ते सहा वर्षांच्या निरोगी मुलांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून, कोणत्या वयात कोणता वर्ण त्यांच्या तोंडी स्थिर होतो याचे कोष्टक करणे. दुसरे : त्यांच्या परिचयाच्या वस्तूंची चित्रशब्दावली तयार करणे, तिच्यात बांधी, बोडी, टोरी, तनस यांना स्थान देणे आणि तिची गोंडी व माडिया प्रत त्या भाषा बोलणाऱ्यांकडूनच करवून घेणे. तिसरे : फिरत्या पथकाच्या नोंदवहीत 'घरची बोली' असा एक रकाना घालणे आणि आईस एक प्रश्न विचारणे, की याच्या वयाची तुमच्या गावची इतर मुले जशी बोलतात, तसे हे बोलते का? या प्रश्नास खर्च येत नाही.

याच परिसराने पूर्वी असे एक उदाहरण घालून दिले आहे. गडचिरोलीच्या खेड्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील स्त्रियांस नवजात बालकाची घरच्या घरी काळजी घेण्यास शिकविले. तेथे अर्भकांचे मृत्यू किती घटले हे १९९९ साली जगापुढे आले आणि पुढे देशाने ती पद्धत स्वीकारली. श्वास मोजणे, ताप पाहणे, दूध ओढते की नाही हे पाहणे, अशा साध्या गोष्टी गावच्याच माणसाने नियमाने पाहिल्या म्हणून हे घडले. गावचे ज्ञान आणि शास्त्राची शिस्त यांची गाठ पडली की काय होते, हे या मातीस शिकवावे लागत नाही.

बोबडे कोणास म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर म्हणून असे देता येईल : जे मूल आपल्या माणसांसारखे बोलू पाहते आणि बोलू शकत नाही, ते बोबडे. जे मूल आपल्या माणसांसारखे बोलते, आणि ज्याची माणसेच आपल्या ओळखीची नाहीत, ते बोबडे नव्हे. तेथे उणीव ऐकणाऱ्याच्या कानात आहे, आणि ती दूर करण्याचे काम आपल्याकडे येते.